हिवाळ्यातल्या ढगाला विरजण: हिमस्फटिक घडतो कसा, पायरीपायरीने

गेल्या डिसेंबरात एका मित्राच्या आइस्क्रीमच्या दुकानातला आडवा डीप फ्रीजर रिकामा पडला होता. थंडीत धंदा मंदच असतो. मी तो दोन दिवसांसाठी मागून घेतला, तळाशी काळं कापड अंथरलं, बाजूने टॉर्चचा झोत सोडला आणि आत वाकून हळूच श्वास सोडला. पांढुरक्या धुक्याचा एक गोळा तयार झाला आणि अर्ध्या मिनिटात गायब. पुन्हा सोडला, पुन्हा गायब. मित्र म्हणाला, "ढग उधारीवर आणलेत काय रे? टिकतच नाहीत." धुकं कुठे जात होतं ते संध्याकाळी लक्षात आलं. भिंतींवर बोटभर जाडीचं बर्फ साचलं होतं आणि तेच ते धुकं खात होतं. हिवाळी क्लाउड सीडिंगचं, म्हणजे ढगात बाहेरून कण सोडून बर्फ पाडण्याचं, सगळं तत्त्व त्या फसलेल्या प्रयोगात होतं, फक्त बर्फ चुकीच्या जागी होतं.

आपल्याकडे 'कृत्रिम पाऊस' म्हटलं की बारामती किंवा सोलापूर आठवतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात, मधली काही वर्षं वगळून, बारामती भागात ११ पावसाळे मिठाची पूड फवारून प्रयोग केले. सोलापूरला अलीकडे ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या कांड्या जाळल्या. ते सगळं पावसाळी, उबदार ढगांचं काम. तिथे मीठ बाष्प ओढून घेतं आणि मोठे थेंब बनतात. बर्फाचा तिथे संबंधच नाही. अमेरिकेतल्या आयडाहो, वायोमिंग यांसारख्या डोंगराळ राज्यांत हिवाळ्यात चालतं ते प्रकरण वेगळं आहे. तिथे पाऊस पाडायचा नसतो, डोंगरावर बर्फाचा साठा वाढवायचा असतो. उन्हाळ्यात तो वितळतो आणि धरणात येतो. त्या ढगात एकेक हिमस्फटिक कसा जन्मतो आणि वाढतो, ते खाली पायरीपायरीने मांडलं आहे. प्रत्येक पायरीला डोंगरावर काय होतं ते सांगतो, आणि जमेल तिथे तेच फ्रीजरमध्ये कसं बघायचं तेही.

पायरी १: शून्याखाली गेलेलं, तरी न गोठलेलं पाणी शोधा

शाळेत शिकतो की पाणी शून्य अंशाला गोठतं. खरं तर शून्य अंशाला बर्फ वितळतं, आणि हे वाक्य नेहमी खरं असतं. गोठण्याचं तसं नाही. गोठायला सुरुवात कुठून तरी व्हावी लागते. पाण्याचे काही रेणू बर्फाच्या षटकोनी रचनेत एकत्र बसले की पुढचे त्यांच्यावर बसत जातात. पण ती पहिली जुळणी फार नाजूक असते, जमते आणि लगेच मोडते. एका ठरावीक आकाराच्या वर गेली तरच टिकते. ढगातला थेंब जेमतेम १०-१५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). शुद्ध पाण्याच्या इतक्या लहान थेंबात ही जुळणी आपोआप टिकायला तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास उतरावं लागतं. तोवर पाणी द्रवच राहतं. यालाच अतिशीत पाणी म्हणतात.

निसर्गात काही धूलिकण, विशेषतः काही खनिजांची धूळ आणि काही जिवाणू, गोठण्याला लवकर सुरुवात करून देतात. त्यांना हिमकेंद्रक म्हणायचं. पण ते फार विरळ असतात. ढोबळ हिशेब असा की उणे २० अंशांना एका लिटर हवेत असा एखादा कण सापडतो, आणि तापमान चढत जाईल तशी संख्या झपाट्याने घटते. त्याच एक लिटर हवेत ढगाचे थेंब लाखाच्या घरात असतात. उणे ८-१० अंशांच्या ढगात म्हणूनच पाणी भरपूर असतं, बर्फ जवळपास नसतं.

सीडिंगचा सगळा खेळ या शिल्लक पाण्यावर आहे. ते नसेल तर पुढच्या पायऱ्या वाचायचीही गरज नाही. दूध असेल तरच विरजण लावता येतं. रिकाम्या पातेल्यात ताकाचा चमचा सोडून दही होत नाही. दिल्लीवर ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानाने सीडिंग झालं तेव्हा ढगात ओलावाच फार कमी होता आणि पाऊस पडला नाही, ही त्याच चुकीची ताजी आठवण.

आयडाहोत हे पाणी डोंगर पुरवतात. प्रशांत महासागरावरून आलेली दमट हवा बॉइझी शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांवर चढते, चढताना थंड होते आणि वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर अतिशीत ढग बनतो. सह्याद्रीच्या घाटात जूनमध्ये पश्चिमेच्या उतारावर जे होतं तेच, फक्त पंचवीस-तीस अंश खाली. ढगात पाणी आहे की नाही हे जमिनीवरचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर सांगतो. त्याहून जुनी खूण म्हणजे कुंपणाचे खांब. अतिशीत थेंब खांबावर आदळले की तिथेच गोठतात आणि वाऱ्याच्या दिशेकडे तोंड करून पांढरी पिसं उगवतात. पिसं वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वाढतात, पाठीमागे नाही, हे नवख्या माणसाला आधी पटत नाही. विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेवरही हेच बर्फ चढतं. वैमानिक ज्या ढगापासून लांब पळतात, सीडिंगच्या वैमानिकाला नेमका तोच ढग हवा असतो. धोक्याचं काम आहे.

फ्रीजरमध्ये: वरून झाकण उघडणारा फ्रीजर घ्या. उभा चालत नाही, दार उघडलं की थंड हवा पायावर सांडते. तापमान उणे १५ ते उणे १८ ठेवा. भिंतींवरचं बर्फ आदल्या दिवशी पूर्ण वितळवून कोरडं पुसून घ्या, ही माझी चूक तुम्ही करू नका. तळाशी काळं कापड अंथरा, झोत आडवा सोडा. तोंड उघडं ठेवून 'हा' करत सावकाश श्वास सोडा. मऊ, एकसारखं, न चमकणारं धुकं दिसलं की समजा तुमच्याकडे अतिशीत ढग आहे. त्यात एकही चमक दिसली नाही पाहिजे. चमक म्हणजे बर्फ.

पायरी २: तापमानाची खिडकी

बर्फाला सुरुवात करून देण्याचे दोन मार्ग आहेत. एक, हवा एकदम इतकी थंड करायची की केंद्रकाची गरजच उरू नये. दोन, केंद्रक बाहेरून आणून द्यायचं.

पहिला मार्ग अपघाताने सापडला. जुलै १९४६ मध्ये अमेरिकेत स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर असाच फ्रीजर घेऊन, आत काळं मखमल लावून, श्वासाचे ढग बनवत होते. उकाड्याचा दिवस, पेटी पुरेशी थंड होईना. म्हणून त्यांनी ड्राय आइसचा, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइडचा तुकडा आत ठेवला. त्याचं तापमान उणे ७८ अंश. क्षणात सगळी पेटी चमकत्या कणांनी भरली. तुकड्याजवळची हवा उणे ४० च्या खाली गेल्यामुळे तिथे आपोआप लाखो स्फटिक झाले होते. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला शेफरने विमानातून मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकजवळच्या ढगात ड्राय आइस टाकला आणि ढगाखाली बर्फाचे पट्टे लोंबताना दिसले. जमिनीवर मात्र काही पोचलं नाही, वाटेतच त्याची वाफ झाली.

दुसऱ्याच दिवशी, १४ नोव्हेंबरला, त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगट यांनी दुसरा मार्ग उघडला. बर्फासारखी रचना असलेला पदार्थ शोधायला त्यांनी स्फटिकांचे तक्ते पालथे घातले होते. सिल्व्हर आयोडाइड सापडलं, पण पहिला नमुना भेसळीचा निघाला आणि फसला. शुद्ध घेतल्यावर चाललं. सिल्व्हर आयोडाइडचीही जाळी षटकोनी आहे. तिच्या रचनेतलं मूळ अंतर ४.५९ अँगस्ट्रॉम, बर्फाचं ४.५२. म्हणजे दीड टक्क्याचा फरक. पुढे कळलं की नुसती जाळी जुळणं पुरत नाही. कणाच्या ज्या पृष्ठावर चांदीचे अणू वर आलेले असतात तिथेच पाण्याचे रेणू नीट ओळीत बसतात. आयोडीनच्या बाजूला बसत नाहीत.

या विरजणालाही कोमट दूध लागतं, पण उलट्या बाजूने. उणे ५ च्या वर सिल्व्हर आयोडाइड जवळजवळ निष्क्रिय असतं. उणे ६ पासून काम सुरू होतं, आणि उणे १० ला त्याच धुराच्या ग्रॅममधून निघणाऱ्या स्फटिकांची संख्या उणे ६ च्या तुलनेत शेकडो पटीने जास्त असते. दुसऱ्या टोकाला, उणे २० च्या खाली निसर्गाची स्वतःचीच केंद्रकं पुरेशी असतात, आपण नवं काही घालून फायदा नाही. ढगाचा माथा फार थंड असेल तर वरून पडणारं नैसर्गिक बर्फच खालचं पाणी वापरून टाकतं. म्हणून साधारण उणे ६ ते उणे १८ ही कामाची पट्टी. उणे ६ च्या वर काही करायचं असेल तर द्रवरूप प्रोपेन फवारतात. ते उडून जाताना हवा थंड करतं, म्हणजे पुन्हा पहिलाच मार्ग.

पायरी ३: कण ढगात पोचवा

ही पायरी दिसायला सोपी आहे आणि बहुतेक वेळा इथेच माती होते.

जमिनीवरच्या जनरेटरमध्ये सिल्व्हर आयोडाइड ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं. ते एरवी ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, म्हणून दुसरं एखादं आयोडाइड मिसळतात. हे द्रावण प्रोपेनच्या ज्योतीत फवारलं की ॲसिटोन जळून जातं आणि सिल्व्हर आयोडाइडची वाफ होऊन ती लगेच कणांच्या रूपात घट्ट होते. आकार मायक्रॉनच्या दशांशाएवढा किंवा त्याहून लहान. खर्च तासाला वीस-पंचवीस ग्रॅमच्या घरात, आणि एका ग्रॅममधून उणे १० ला १०० लाख कोटींच्या आसपास केंद्रकं. सोन्याचांदीच्या भावाची चिंता इथे करायला नको.

खरी चिंता धुराची. हिवाळ्यात दरीत थंड जड हवा साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी शेकोटीचा धूर वर न जाता आडवा पसरतो, तीच गोष्ट. जनरेटर दरीच्या तळाशी ठेवला तर सगळा धूर तिथेच कोंडतो आणि ढगाला पत्ताही लागत नाही. म्हणून जनरेटर उतारावर, झाकणाच्या वर ठेवतात.

विमानाने हा प्रश्न सुटतो. पंखाला लावलेल्या सिल्व्हर आयोडाइडच्या कांड्या तिथेच जळतात किंवा ढगावरून खाली सोडतात. विमान वाऱ्याला आडवं, पुढेमागे फेऱ्या मारतं. वारा प्रत्येक फेरीची रेघ पुढे नेत राहतो, म्हणून हवेत धुराची नागमोडी उमटते. जानेवारी ते मार्च २०१७ या काळात आयडाहोच्या पेएट नदीच्या खोऱ्यात 'स्नोई' नावाचा मोठा प्रयोग झाला. संशोधन विद्यापीठांचं आणि राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राचं, सीडिंगची विमानं आयडाहो पॉवर या वीज कंपनीची. १९ जानेवारीला डोंगरावरच्या रडारच्या पडद्यावर अशीच नागमोडी रेघ उमटली. निसर्गात ढग असे कोपरे काढत नाहीत. सात दशकं ज्या पुराव्याची वाट बघितली तो असा चित्रात मिळाला.

पायरी ४: पहिला क्षण, थेंब गोठतो

कण ढगात शिरल्यावर चार गोष्टी होऊ शकतात. बाष्पाचे रेणू थेट कणावर बसून बर्फ होतात. किंवा कणावर आधी पाण्याचा पातळ थर बसतो आणि तो लगेच गोठतो. किंवा कण आधीच थेंबाच्या पोटात गेलेला असतो आणि तापमान उतरल्यावर आतून गोठवतो. किंवा कण थेंबाला बाहेरून टेकतो आणि टेकताक्षणी गोठतो. कोणता मार्ग चालेल हे कणाच्या रासायनिक घडणीवर ठरतं. ॲसिटोनच्या द्रावणात थोडी मिठासारखी द्रव्यं मिसळली की कण पाणी ओढून घेतो आणि दुसरा मार्ग वेगाने चालतो. शुद्ध सिल्व्हर आयोडाइड पाण्याला फारसं जवळ करत नाही, ते थेंबाला टेकायची वाट बघत बसतं.

थेंब गोठताना एक गोष्ट घडते जी मला स्वतःला फार आवडते. पाणी गोठलं की उष्णता बाहेर पडते, ग्रॅमला ८० कॅलरी. उणे १० च्या थेंबात सुरुवातीला साधारण आठवा भागच झटक्यात गोठतो, कारण तेवढ्या उष्णतेने थेंब शून्य अंशाला येऊन पोचतो. बाकीचे सात भाग मग सावकाश, हवेला उष्णता देत देत गोठतात. गोठणारा थेंब क्षणभर भोवतालापेक्षा गरम असतो.

इथे विरजणाची उपमा मोडते, ते आत्ताच सांगतो. दह्यातले जिवाणू वाढत जातात, चमचाभर विरजणात सगळं पातेलं लागतं. सिल्व्हर आयोडाइडचा कण वाढत नाही. एक कण, एक स्फटिक. म्हणून कणांची संख्या हिशेबाने सोडावी लागते. फार कमी सोडले तर पाणी तसंच शिल्लक राहतं. फार जास्त सोडले तर पाणी इतक्या वाटेकऱ्यांत विभागतं की सगळेच स्फटिक इवलेसे राहतात आणि खाली पडतच नाहीत.

फ्रीजरमध्ये: घरी सिल्व्हर आयोडाइड जाळू नका, गरज नाही. बबल रॅपचा तुकडा रात्रभर त्याच फ्रीजरमध्ये ठेवा. धुकं तयार झालं की धुक्यातच दोन-चार बुडबुडे फोडा. दाबलेली थंड हवा एकदम पसरते, पसरताना आणखी थंड होते आणि क्षणभर उणे ४० च्या खाली जाते. दहा-वीस सेकंदांत धुक्याच्या जागी चमचमणारे कण दिसू लागतील. ड्राय आइस मिळाला तर सुरीने त्याची चिमूटभर कीस धुक्यावर खरवडा. जाड हातमोजे घाला, खोलीची खिडकी उघडी ठेवा, आणि ड्राय आइस कधीही बंद बाटलीत ठेवू नका, बाटली फुटते.

पायरी ५: स्फटिक थेंबांना गिळत वाढतो

आता मुख्य गोष्ट. गोठलेला कण अजून मायक्रॉनमध्ये मोजावा लागतो. त्याला मिलीमीटरपर्यंत न्यायचं आहे.

पाण्याच्या पृष्ठापेक्षा बर्फाच्या पृष्ठावरून रेणू कमी निसटतात, कारण तिथे ते घट्ट बांधलेले असतात. त्यामुळे त्याच तापमानाला बर्फाला कमी बाष्प पुरतं. उणे १५ अंशांना पाण्यावरचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवा बाष्पाने पूर्ण भरल्यावरचा बाष्पाचा दाब, १.९१ हेक्टोपास्कल, बर्फावरचा १.६५. म्हणजे जी हवा थेंबाच्या दृष्टीने 'भरलेली' आहे ती बर्फाच्या दृष्टीने १६ टक्के जास्त भरलेली आहे. लक्षात ठेवायला सोपा अंदाज: शून्याखाली जितके अंश, साधारण तितके टक्के. उणे ५ ला ५, उणे १० ला १०.

या फरकामुळे बाष्प स्फटिकावर बसतं, हवा किंचित कोरडी होते, थेंब तोटा भरून काढायला वाफ सोडतात, ती पुन्हा स्फटिकावर बसते. थेंब आटतात, स्फटिक फुगतो. एकमेकांना न टेकताच. माझ्या फ्रीजरच्या भिंतींनी धुक्याचं हेच केलं होतं.

स्वीडनचे टोर बर्गेरॉन यांना ही गोष्ट जंगलात दिसली. १९२२ च्या हिवाळ्यात ते ऑस्लोजवळ डोंगरावर मुक्कामाला होते आणि झाडीतल्या रस्त्याने फिरायला जात. ढग डोंगराला टेकलेला असे. तापमान शून्याच्या वर असलं की धुकं रस्त्यापर्यंत उतरे. उणे ५ ते उणे १० असलं की रस्ता मोकळा आणि धुकं झाडांच्या शेंड्यापाशी थांबलेलं. फांद्यांवरचं बर्फ बाष्प ओढून घेत होतं. आल्फ्रेड व्हेगेनर यांनी १९११ मध्ये यामागचं तत्त्व मांडलं होतं, वॉल्टर फिंडायझेन यांनी १९३८ मध्ये ते पुढे नेलं, म्हणून पुस्तकांत तिघांची नावं एकत्र येतात.

आकड्यात बघू. ३ मिलीमीटर रुंदीच्या, फांदीदार चांदणीसारख्या स्फटिकाचं वजन साधारण ०.०४ मिलिग्रॅम. १५ मायक्रॉन व्यासाच्या थेंबाचं वजन काढलं तर एका चांदणीत वीस हजारांवर थेंबांचं पाणी जातं. एवढ्या थेंबांचा एक वारस.

पायरी ६: आकार तापमान ठरवतं

शून्य ते उणे ४ ला पातळ षटकोनी चकत्या. उणे ५ च्या आसपास सुया, आणि उणे ८ पर्यंत पोकळ खांब. उणे १० नंतर पुन्हा चकत्या, उणे १२ ते उणे १७ मध्ये फांद्या फुटलेल्या सहा हातांच्या चांदण्या. उणे २२ च्या खाली खांब आणि चकत्यांची सरमिसळ. हा तक्ता जपानच्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी बसवला. १९३६ मध्ये त्यांनी थंड पेटीत सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. खडीसाखर दोऱ्यावर धरते तसा.

सीडिंग करणाऱ्याला याचा थेट उपयोग असतो. उणे १५ ची चांदणी सर्वांत वेगाने पसरते, कारण थेंब आणि बर्फ यांच्यातला बाष्पदाबाचा फरक याच सुमाराला मोठा असतो. दहा-पंधरा मिनिटांत ती मिलीमीटरच्या वर जाते. तिचे हात एकमेकांत अडकून मोठे पुंजके होतात. म्हणून शक्य तेव्हा विमान या तापमानाच्या थरात फेऱ्या मारतं.

फ्रीजरमध्ये: बारीक तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवून त्याचा पडदा आडवा धरा. पडणारे कण पडद्यावर चिकटतात आणि भिंगातून षटकोन दिसतात. त्याहून सोपा उपाय साखरेच्या पाण्याचा. वजनाने निम्मी साखर, निम्मं पाणी विरघळवून एका उथळ ताटलीत ओता आणि फ्रीजरच्या तळाशी तासभर थंड होऊ द्या. हे पाणी उणे ७-८ पर्यंत गोठू शकत नाही आणि त्याखालीही बराच वेळ अतिशीत राहतं. त्यावर स्फटिक पडला की तो एकदम पसरतो आणि डोळ्यांना दिसेल एवढा पांढरा ठिपका होतो. मित्राला ढगाच्या प्रयोगात रस नव्हता, पण ही ताटली बघायला त्याने गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं.

पायरी ७: चिकटणं, तुटणं, पडणं

मोठा झालेला स्फटिक पडू लागतो आणि वाटेतल्या अतिशीत थेंबांवर आपटतो. थेंब त्याच्यावर गोठतात, चांदणी खडबडीत होते, फार झालं तर साबुदाण्यासारखी गोळी बनते. यात एक बोनस मिळतो. उणे ३ ते उणे ८ च्या पट्ट्यात असे थेंब गोठताना बर्फाच्या बारीक कपच्या उडतात आणि प्रत्येक कपची नवा स्फटिक होते. हॅलेट आणि मॉसप यांनी १९७४ मध्ये हे दाखवलं. इथे तेवढं विरजणासारखं काहीतरी घडतं. पण या पट्ट्यात थेंबही बऱ्यापैकी मोठे लागतात, त्यामुळे यावर भरवसा ठेवून हिशेब करत नाहीत.

हिशेब वेळेचा असतो. चांदणी सेकंदाला अर्ध्या मीटरहून कमी वेगाने पडते. जन्मापासून जमिनीपर्यंत अर्धा तास धरा. वारा सेकंदाला १५ मीटर असेल तर तेवढ्यात ती २७ किलोमीटर पुढे जाते. म्हणजे ज्या खोऱ्यात बर्फ हवं आहे त्याच्या २५-३० किलोमीटर वाऱ्याकडे कांडी जाळायची. उशीर झाला तर स्फटिक डोंगरमाथ्यापलीकडे उतरत्या हवेत जातो, तिथे हवा तापते आणि तो विरून जातो. शेजारच्या खोऱ्याला दिलेलं दान नाही, कुणालाच दिलेलं नाही.

पायरी ८: पडलं ते आपलंच होतं का, हे तपासा

स्नोईमध्ये १९, २० आणि ३१ जानेवारी २०१७ या तीन दिवशी नैसर्गिक बर्फवृष्टी फारशी नव्हती, म्हणून सीडिंगमुळे पडलेलं बर्फ रडारवर वेगळं काढता आलं. तिन्ही मिळून सुमारे ७ लाख घनमीटर पाणी. मोठा आकडा वाटतो. टीएमसीत बदला: ०.०२५. खडकवासल्याच्या १.९७ टीएमसी उपयुक्त साठ्याचा ऐंशीवा भाग. १९ जानेवारीला बर्फ तासाभराहून थोडं जास्त पडलं आणि जमिनीवरचा थर पाण्याच्या हिशेबात मिलीमीटरच्या दशांशाच्या आसपास होता. हिवाळाभरात अशा अनेक संधी मिळाल्या तर बेरीज होते, पण एका वादळाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवणारा माणूस निराश होतो.

वायोमिंगमध्ये २००८ ते २०१४ या काळात चिठ्ठी टाकून, कधी या डोंगररांगेवर तर कधी त्या, असा प्रयोग झाला. सीडिंगला योग्य ठरलेल्या वादळांत ५ ते १५ टक्के वाढ असा अंदाज निघाला, पण आकडेवारीच्या कसोटीवर मुख्य निकाल ठाम नव्हता. इस्रायलने कित्येक दशकं चालवलेला कार्यक्रम चौथ्या प्रयोगात ठोस वाढ न दिसल्यामुळे थांबवला. तिथले ढग हवे तितके थंड नसतात, यावर मी बोट ठेवेन. पायरी २ वर अडलेलं काम पायरी ३ मध्ये कितीही पैसा ओतला तरी पुढे जात नाही.

बर्फात खड्डा खणून थराथराने चांदीचं प्रमाणही मोजतात. ते कोटी भागांत एक भागही भरणार नाही इतकं कमी असतं. चांदी सापडली म्हणजे धूर तिथवर आला एवढंच सिद्ध होतं. धुराने बर्फ बनवलं, की पडणाऱ्या नैसर्गिक बर्फाने जाताजाता धूर धुऊन आणला, हे त्यातून कळत नाही. यासाठी काही ठिकाणी बर्फाला अजिबात सुरुवात न करून देणारा दुसरा एखादा धातू त्याच जनरेटरमधून सोडतात आणि दोन्हींची तुलना करतात.

फ्रीजरमध्ये हीच काळजी घ्या. बुडबुडे फोडण्याआधी एकदा नुसताच श्वास सोडा, दोन मिनिटं थांबा आणि साखरेच्या ताटलीवरचे ठिपके मोजा. माझ्या दुसऱ्या दिवशीच्या प्रयत्नात, भिंती पुसून लख्ख केल्यावरही, झाकणाच्या रबरात राहिलेल्या बर्फाच्या चुऱ्यातून चार ठिपके आले. बुडबुडे फोडल्यावर इतके आले की मोजणं सोडून दिलं. ताटली बदलून तिसऱ्यांदा केलं तेव्हा आधी रबर ब्रशने साफ केलं, आणि मगच झाकण उघडलं.